भिंगारदिवेबाईंचे मुके पंधरा दिवस

माझ्या आत्याचा आवाज साऱ्या नगरला ठाऊक होता. चर्चमध्ये ती गायला उभी राहिली की पेटी वाजवणाऱ्याला स्वतःची पेटी ऐकू येत नसे. मुलींच्या शाळेत ती पाढे घ्यायची, तेव्हा रस्त्यापलीकडचा शिंपी म्हणे गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तेराच्या पाढ्यावर घसरायचा आणि कोणाच्या तरी सदऱ्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत यायच्या. दीना गिदोन भिंगारदिवे तिचं नाव. उंची बेताची, अंगानं काडी. "एवढ्याशा देहात हा आवाज राहतो कुठे?" असं पाळकसाहेब म्हणायचे.

तर अशा बाईला १९४८ च्या जून महिन्यात नव्या कॉलेजाची ग्रंथपाल केलं, म्हणजे जिथे कुजबुजलं तरी लोक मान वर करून बघतात अशा जागी नेऊन बसवलं. दोष तिचा नव्हता. शाळेतली पुस्तकांची कपाटं तिने इतकी नीट लावली होती की ती बघून प्राचार्य सुमंत यांनी तिला तीन महिने मुंबईला ग्रंथालयाच्या शिक्षणाला धाडलं आणि परत आल्यावर चाव्यांचा जुडगा हातात दिला. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

ग्रंथालय म्हणजे लढाई संपल्यावर लष्करानं सोडलेली एक लांबलचक पत्र्याची शेड. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाची कबुतरं उडत. हाताखाली माणसं तीन. मार्तंडराव पाठक हे कारकून. कचेरीच्या दप्तरखान्यात तीस वर्षं काढून आलेले, अक्षर असं की कागदाला फ्रेम करावी. आसाराम हा शिपाई. घोडेगावचा, बाप आणि आजा दोघेही तिथल्या बैलबाजारातले दलाल. आणि केशरबाई झाडलोटीला. केशरबाईंना अक्षरओळख नव्हती, पण पुस्तक पुसताना त्या ते लेकराच्या तोंडासारखं पुसायच्या.

ही तिन्ही माणसं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, नुसतं बोलत नसत. मार्तंडरावांना काही सांगायचं असेल तर ते चिठ्ठी लिहून, वर क्रमांक आणि तारीख घालून, आत्याच्या टेबलाच्या कडेवर ठेवून निघून जात. आसाराम प्रत्येक गोष्टीला "व्हय बाई" म्हणे आणि मग स्वतःला बरं वाटेल ते करी. केशरबाई फक्त पुस्तकांशी बोलत.

आत्याला त्यात वावगं वाटलं नाही. शाळेत एक हुकूम सोडला की चाळीस मुली उठायच्या, मग इथे तीन माणसांचं काय एवढं? ती शेडच्या मधोमध उभी राहायची आणि हुकूम सोडायची. सगळ्यांच्या कानावर गेलं म्हणजे सगळ्यांना कळलं, हे तिचं गणित.

एकदा तिने असंच फर्मावलं, "भूगोल उत्तरेच्या भिंतीला लावा." थोड्या वेळाने मार्तंडरावांची चिठ्ठी आली: "आपण काही आज्ञा केल्याचे समजते. कृपया लेखी कळवावे." हा माणूस बाईमाणसाचा हुकूम मानायला तयार नाही, आणि त्यातून भिंगारदिव्यांच्या मुलीचा तर नाहीच नाही, असं आत्याने मनाशी पक्कं केलं आणि चिठ्ठी फाडली. आसारामने भूगोल उत्तरेला नेला. दुसऱ्या दिवशी भूगोल परत दक्षिणेला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आत्या तासभर आधी आली, तर केशरबाई पदर खोचून नकाशांची थप्पी डोक्यावरून नेताहेत.

"केशरबाई, हे काय चाललंय?"

"त्या भिताडाला वाळवी हाय बाई. समदं खाऊन टाकील."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं?" केशरबाई म्हणाल्या आणि थप्पी घेऊन चालू लागल्या.

असं दीड वर्ष गेलं. पुस्तकं वाढत होती. गोरे साहेब गेले तेव्हा त्यांच्या क्लबातली तेराशे पुस्तकं खोक्यांत भरून आली होती आणि ती अजून तशीच नंबराविना पडून होती. आणि १९४९ च्या डिसेंबरात, पाच तारखेला, प्राचार्यांनी आत्याला बोलावून एक पत्र पुढे केलं. पुण्याला नवं विद्यापीठ झालं होतं. त्याची समिती एकोणीस तारखेला कॉलेज तपासायला येणार होती. ग्रंथालय नीट दिसलं नाही तर मान्यता अडणार होती.

"एक पुस्तक मागितलं आणि सापडलं नाही, तर संपलं," सुमंतसाहेब म्हणाले. "होईल ना, दीनाबाई?"

"का नाही होणार?" आत्या म्हणाली. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी हे उत्तर ऐकलं आणि आपल्यालाच विचारलं असं समजून तेही "होईल, होईल" म्हणाले.

त्या दिवशी तिने शेडमध्ये दिवसभर हुकूम सोडले. संध्याकाळी नाताळच्या गाण्यांची तालीम होती. तिथे वरच्या पट्टीत दोन तास गायली. मंगळवारी सकाळी तिने आईला चहा मागायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा धरून पाहिलं. "पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं पण नाही, त्यानं जास्त बिघडतं. नाहीतर हा आवाज कायमचा गेला म्हणून समजा."

आत्या पाटी-पेन्सिल घेऊन ग्रंथालयात गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं असं आसाराम सांगायचा. आत्या म्हणायची धूळ गेली होती.

पाटीवर तिने लिहिलं, "माझा आवाज गेला आहे. तेरा दिवसांत तेराशे पुस्तकं." मार्तंडरावांनी ती पाटी वाचली आणि गेल्या दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी खुर्ची ओढली, पेन्सिल मागून घेतली, आधी तिचा एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आणि खाली झरझर उत्तर लिहिलं. तिने पुसून पुढचं लिहिलं, त्यांनी पुसून त्याच्या पुढचं. दहा मिनिटांत दोघांनी सबंध आठवड्याचं काम ठरवून टाकलं. पण आसारामला अक्षरं जुळवत वाचायला वेळ लागे, तोवर पाटी पुसलेली असायची. आणि केशरबाईंसाठी पाटी असून नसून सारखीच. दुपारपर्यंत आसारामने पाकशास्त्राची पुस्तकं रसायनशास्त्रात नेऊन ठेवली होती. आत्या पाटी आपटायला गेली आणि पाटीच फुटली.

सगळे तुकडे गोळा करायला वाकले. मग आसाराम घसा खाकरून म्हणाला, "बाई, बोलल्याबिगर येवार हुतोय की. आमच्या घोडेगावात हजारो बैल इकत्यात, पर दलाल तोंडातून आकडा काढत न्हाई. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आन् बोटं दाबायची. शेजारी हुभा ऱ्हाणाऱ्याला बी कळत न्हाई. तुमचं समदं नंबरावरच हाय न्हवं?"

त्यांचं सगळं नंबरांवरच होतं. मुंबईहून आत्या जी पद्धत शिकून आली होती, तिच्यात प्रत्येक विषयाला तीन आकडी नंबर: भूगोल नऊशे दहा, गुरंढोरं सहाशे छत्तीस, शिकार सातशे नव्व्याण्णव. नंबर कळला की कपाट कळलं, कपाट कळलं की फळी.

आसारामने उपरणं काढून पुढे केलं आणि मग एकदम थबकला. बाजारात पुरुष-पुरुष असतात. इथे एक ब्राह्मण कारकून, एक ख्रिस्ती बाई, एक झाडूवाली. कोण कोणाचा हात हातात घेणार? मार्तंडराव खिडकीबाहेर बघू लागले.

केशरबाईंनीच तिढा सोडवला. "झाकायचं कशापायी? आपल्याला काय चोरून बैल घ्यायचाय? उघड्यावर दाव की."

मग त्या लष्करी शेडमध्ये, दुपारी दोन वाजता, बैलबाजाराची शाळा भरली. आसारामच्या घरचा हिशेब असा: पाचापर्यंत सरळ बोटं. मूठ एकदा हलवली की पाच धरायचे आणि पुढची बोटं त्यात मिळवायची. आपलंच मनगट धरलं की शेकडे, तळवा चोळला की दहाचे, नुसती बोटं ती सुटी. केशरबाईंना ते पंधरा मिनिटांत आलं. आत्याला अर्धा तास लागला. मार्तंडरावांना मात्र असं काही चढलं की ते जन्मभर याचीच वाट बघत होते की काय असं वाटावं. त्यांनी आसारामला चारशे वीस विचारला, नऊशे सत्तावन्न विचारला, केशरबाईंना आठशे एक्याण्णव विचारला आणि बरोबर उत्तर आलं तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. या माणसाला दात आहेत हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

हसता हसता ते एकदम थांबले.

"बाई," ते म्हणाले, "एक सांगायचं राहून गेलंय. मला ऐकू येत नाही. उजवा कान पार गेलाय, डाव्यात थोडंफार. तुम्ही इथे मध्ये उभ्या राहून बोलायचात ना, ते मला पत्र्यावर गारा पडल्यासारखं लागायचं. आवाज पुष्कळ, शब्द एक नाही. कळलं तर नोकरी जाईल म्हणून चिठ्ठ्या लिहीत होतो."

बोलायला आत्याला बंदीच होती. दीड वर्ष ती ज्याला घमेंड समजत होती, ती नुसती एका घाबरलेल्या माणसाची युक्ती होती. तिने फुटलेल्या पाटीचा एक तुकडा उचलला आणि लिहिलं, "नोकरी जाणार नाही. मी आहे." मार्तंडरावांनी वाचलं. या वेळी ऱ्हस्व-दीर्घ तपासले नाहीत.

त्यानंतरचे दिवस म्हणजे, आत्या सांगायची, जणू कोणी चौघांच्या पायांना चाकं लावली. रोज सकाळी चौघं व्हरांड्यात जमायचे. आत्या बोलू शकत नाही, म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला तरी तोंड उघडावंच लागे, आणि तोंडं एकदा उघडली ती मिटेनात. मार्तंडरावांना आता सगळे डाव्या बाजूने आणि तोंडासमोर येऊन सांगत. केशरबाईंच्या पोटातून तर एकेक खजिनाच बाहेर पडायला लागला. क्लबाच्या तेराशे पुस्तकांची खोकी कोणत्या क्रमाने आली, कोणत्या खोक्यात शिकारीची आणि कोणत्यात बागबगिच्याची, हे त्यांना पाठ होतं. "शिकारीच्या बुकांना तंबाकूचा वास येतो, बाई. आन् बागेची बुकं बायकांनी वाचल्याली, त्यांच्या पानापानांत वाळलेली फुलं." नाक लावून लावून त्यांनी एका दिवसात तीनशे पुस्तकं वेगळी केली. आत्याने उघडून पाहिली. चार चुकली होती.

आसारामचं "व्हय बाई" पण बंद झालं. आता तो म्हणे, "न्हाई बाई, हे असं न्हाई जमायचं," आणि का नाही जमायचं ते सांगे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असे. शिडी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत दिवसातून पन्नास वेळा न्यावी लागत होती. त्याने एका जुन्या हातगाडीवर शिडी बांधली. त्या गाडीवर उभे राहून मार्तंडराव शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जात, हातात लेखणी, तोंडावर राजाचा भाव, आणि खालून ढकलायला आसाराम.

विद्यार्थ्यांना आधी वाटलं, चौघांचं डोकं फिरलं. एक मुलगा गावभर सांगत सुटला की ग्रंथालयात बैल विकायला काढलाय, भिंगारदिवेबाई नऊशे दहाच्या खाली यायला तयार नाहीत. प्राचार्य स्वतः खिडकीशी येऊन उभे राहिले. आत आत्या मूठ हलवतेय, केशरबाई मनगट धरून मान डोलवताहेत, मार्तंडराव गाडीवरून तळवा चोळत येताहेत आणि कोणाच्याही तोंडून शब्द नाही. सुमंतसाहेब परत गेले आणि आपल्या कचेरीतल्या शिपायाला म्हणाले, "कोणी विचारलं तर सांग, ही नवी पद्धत आहे."

आठवड्याभरात मुलंही बोटांनी पुस्तकं मागायला लागली. पत्र्याच्या त्या शेडमध्ये पहिल्यांदाच कबुतरं निवांत बसली.

एकोणीस तारखेला समिती आली. पुण्याचे दोन प्राध्यापक, एक उंच आणि एक बुटके, आणि जिल्ह्याचे एक प्रतिष्ठित म्हणून श्रीगोंद्याचे आबासाहेब. आबासाहेबांचा उसाचा मळा होता. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि चेहऱ्यावर सकाळपासून दप्तरं बघून आलेला कंटाळा. प्राचार्यांनी सांगितलं, "ग्रंथपालबाईंचा घसा बसला आहे, पण व्यवस्था चोख आहे." उंच प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

त्यांनी एक पुस्तक मागितलं, खडकांवरचं. आत्याने लांब टोकाला उभ्या आसारामकडे बघून बोटं फिरवली. पाच, पाच, दोन. पुस्तक आलं. बुटक्या प्राध्यापकांनी प्राचीन नाण्यांवरचं मागितलं. तेही आलं. मग उंच प्राध्यापकांनी मुद्दाम अवघड काढलं: "घोड्यावर बसून खेळायच्या चेंडूच्या खेळावर काही आहे का?"

आत्याने सहाशे छत्तीस दाखवला, कारण क्लबाचं घोड्यांवरचं ते एक पुस्तक तिने स्वतःच गुरांच्या कपाटात लावलेलं तिला आठवत होतं. तिच्या शेजारी मार्तंडराव डाव्या हातावर जाडजूड ग्रंथांची चळत घेऊन, डावा कान प्राध्यापकांकडे करून उभे होते. ते जोरजोराने मान हलवू लागले. त्यांनी ते पुस्तक शनिवारी खेळांत हलवलं होतं, पण समितीसमोर तोंडाने बाईंची चूक काढायची नव्हती. त्यांनी उजव्या हाताची मूठ हलवून दोन बोटं काढली: सात. पण पुढे शेकडा दाखवायला मनगट धरायचं, आणि दुसऱ्या हातावर तर ग्रंथ. त्यांचा चेहरा कासावीस झाला. आत्याने आपला हात पुढे केला. मार्तंडरावांनी तिचं मनगट धरलं, घट्ट, शेकडा पुरा केला, सोडलं, दहाच्यासाठी तळवा ग्रंथांच्या चळतीवरच चोळला आणि उरलेले आकडे झरझर दाखवून टाकले. केशरबाई निघाल्यासुद्धा होत्या; अक्षर येत नसलं तरी घोड्याचं चित्र त्यांना पुरेसं होतं. पुस्तक आलं.

मार्तंडरावांना आपण काय केलं हे पाच मिनिटांनी लक्षात आलं. आत्या म्हणायची, त्यांनी आपल्या तळहाताकडे एकदा बघितलं, मग तो हात खिशात घातला, आणि मग पुन्हा बाहेर काढून कामाला लावला.

इकडे आबासाहेबांचा कंटाळा कुठल्या कुठे गेला होता. ते पुढे झुकून बसले होते. भिंतीवर मार्तंडरावांनी सुवाच्य अक्षरात लावलेला विषयांचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, उठले, आसारामपाशी गेले आणि उपरण्याखाली हात घालून पुढे केला.

"कुठला रं तू?"

"घोडेगाव, साहेब."

"वाटलंच. हं, घे."

आसारामने उपरण्याखाली हात दिला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते, बाजारात बघतात तसेच. मग आसारामने वळून केशरबाईंना बोटं दाखवली: सहा, तीन, सहा. केशरबाई गेल्या आणि बैलांच्या पैदाशीवरचं एक जाड पुस्तक घेऊन आल्या. आबासाहेबांनी ते उघडलं, चित्रं बघितली आणि म्हणाले, "हे मी घरी घेऊन जाऊ का?"

उंच प्राध्यापक म्हणाले, "आबासाहेब, आपण तपासायला आलोय."

"तपासलं की," आबासाहेब म्हणाले. "तीस वर्षं बाजार करतोय. एवढा सरळ येवार पुण्यात झाला नसता." आणि तिथेच खुर्ची टाकून वाचत बसले. दोघा प्राध्यापकांना पुढची प्रयोगशाळा त्यांच्याशिवायच बघावी लागली.

एकवीस तारखेला डॉक्टरीणबाईंनी आत्याला बोलायची परवानगी दिली. आवाज परत आला, पण पहिल्याइतका मोठा नाही. किंवा तिने तो होऊ दिला नाही. नाताळच्या उपासनेत तिने सगळ्यांबरोबर सूर लावला, आणि पहिल्यांदाच तिला मागच्या बाकावरच्या मरियाबाईंचा आवाज ऐकू आला. मरियाबाई बारा वर्षं तिच्या मागे गात होत्या आणि सुंदर गात होत्या.

जानेवारीत मान्यतेचं पत्र आलं. त्यात ग्रंथालयासाठी एक वेगळी ओळ होती: सेवकवर्गात उत्तम समन्वय आढळला. मार्तंडरावांनी ती ओळ आपल्या अक्षरात उतरवून काढली आणि आत्याने ती केशरबाईंना वाचून दाखवली. केशरबाईंनी "समनवय म्हंजी काय?" असं विचारलं. आत्याने विचार केला आणि म्हणाली, "तुम्ही आधी सांगायचं आणि मी आधी ऐकायचं." सकाळची व्हरांड्यातली बैठक त्यानंतर आत्या निवृत्त होईपर्यंत एकही दिवस चुकली नाही, आणि तिथे पहिलं बोलणं केशरबाईंचं असे. मार्तंडरावांच्या कानांबद्दल आत्याने प्राचार्यांना स्वतः जाऊन सांगितलं. सुमंतसाहेब म्हणाले, "ग्रंथालयात कमी ऐकू येणारा माणूस म्हणजे उलट फायदाच की," आणि विषय मिटला.

पत्र आलं त्या शनिवारी प्राचार्यांनी चौघांना अर्धा दिवस सुट्टी दिली. टांगा करून ते चांदबिबीच्या महालावर गेले. टेकडीवर वारा असा की मार्तंडरावांची टोपी दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा आसाराम तिच्यामागे धावला. वर सावलीत बसून सगळ्यांनी फडकी सोडली. मार्तंडरावांनी घरून धपाटे आणले होते, केशरबाईंनी भाकरी आणि ठेचा. थोडा वेळ कोणी कोणाच्या फडक्याकडे बघेना. मग मार्तंडरावांनी आपले धपाटे मध्ये सरकवले आणि बोट दाखवून म्हणाले, "तो ठेचा तिखट आहे का हो?"

"न्हाई, अजिबात न्हाई," केशरबाई म्हणाल्या.

मार्तंडरावांनी चांगला मोठा घास घेतला. मग त्यांचे डोळे भरून आले, कान लाल झाले, आणि ते तोंडाने हा हा करत पाण्याचा तांब्या मागायला लागले. पण शब्द फुटेना, म्हणून मूठ हलवत, मनगट धरत, तळवा चोळत, जे येईल ते आकडे दाखवू लागले. केशरबाईंनी तोंडाला पदर लावला. आसाराम गवतात आडवा झाला. आणि आत्या इतकी हसली, इतक्या मोठ्याने हसली, की खाली टांग्याचं घोडं कान टवकारून वर बघायला लागलं.